चौदा ओळींना अकरा दिवस: अभ्यासक्रमातले प्रोग्रॅमिंग आणि नोकरीतले प्रोग्रॅमिंग इतके वेगळे का?

प्रश्न | अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, कळंबा

नमस्कार. मी कोल्हापुरात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवरच्या सर्व सत्रांत प्रोग्रॅमिंगच्या विषयांत मला चांगले गुण मिळाले, जर्नल नेहमी वेळेत पूर्ण झाले आणि तोंडी परीक्षेतही मी कधी अडखळले नाही. त्यामुळे प्रोग्रॅमिंग आपल्याला येते, असा माझा प्रामाणिक समज होता. या उन्हाळ्यात शहरातल्याच एका छोट्या कंपनीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप केली आणि तो समज पार हलला, म्हणून हा प्रश्न सविस्तर लिहीत आहे.

ती कंपनी गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचे सॉफ्टवेअर बनवते. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला आलेल्या उत्पादकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) नोंदवायचे, दरपत्रकावरून रक्कम काढायची, पावती छापायची आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचे, असे त्याचे काम आहे. माझ्याकडे आलेली तक्रार एका ओळीची होती: "बिल पावत्यांशी जुळत नाही." दुपारपर्यंत होईल, असे मला वाटले. प्रत्यक्षात अकरा दिवस लागले, आणि शेवटी मोजल्या तेव्हा मी बदललेल्या ओळी चौदा भरल्या.

पहिले चार दिवस केवळ कोड वाचण्यात गेले. तो सात वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला होता आणि ती व्यक्ती आता कंपनीत नाही. मग चूक सापडली. पावतीवर रक्कम जवळच्या पैशापर्यंत धरून छापली जात होती, बिलाची बेरीज मात्र मूळ, न छाटलेल्या रकमांची होत होती. ४.७ लिटर दूध ४८.३५ रुपये दराने २२७.२४५ रुपयांचे होते. पावतीवर २२७.२५ छापले जाई आणि बिलात तो अर्धा पैसा गळून जाई. दहा दिवसांच्या वीस पावत्यांमध्ये हा फरक फार तर दहा पैशांचा होतो. पण उत्पादक पावत्या मांडून बेरीज करून दाखवतो, आणि संस्थेच्या लेखापरीक्षणातही बेरजा तंतोतंत जुळाव्या लागतात.

चूक सापडल्यावर खरी अडचण सुरू झाली. पावती बरोबर मानायची की बिल? दोन्ही प्रकारे कोड लिहिणे मला सहज शक्य होते, पण त्यांतला बरोबर कोणता, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. शेवटी आमचे वरिष्ठ मला करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत सकाळी सहा वाजता घेऊन गेले. तिथल्या सचिवांनी क्षणभरही न थांबता सांगितले, "शेतकऱ्याच्या हातात कागद गेला की तो कागद खरा." त्यानंतर कोड तासाभरात लिहून झाला. उरलेले दिवस जुनी बिले नव्याने काढून पडताळण्यात, आधी वाटप झालेल्या बिलांना हा बदल लागू होणार नाही याची खात्री करण्यात आणि वरिष्ठांनी दोनदा परत पाठवलेला कोड सुधारण्यात गेले.

माझा प्रश्न असा आहे की, चार वर्षांत शिकलेले आणि हे काम यांत एवढे अंतर का असावे? शिकलेले वाया गेले असे मानायचे का? आणि हाती उरलेल्या या वर्षात मी नेमके काय करावे?

उत्तर | सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा, राजारामपुरी

ताई, सर्वप्रथम त्या अकरा दिवसांबद्दल मनात अपराधीपणा ठेवू नका. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या अनुभवातून एक ठोकताळा मांडला होता: कामाच्या एकूण वेळेपैकी एक तृतीयांश नियोजनाला, एक षष्ठांश प्रत्यक्ष कोड लिहायला आणि उरलेला अर्धा तपासणीला द्यावा. आज साधने पुष्कळ बदलली आहेत, तरी कोड लिहिणे हा कामाचा लहान भाग असतो, हे मी सोळा वर्षे रोज पाहतो आहे. महाविद्यालयात तुम्हाला त्या एक षष्ठांशाचेच गुण मिळाले. ते खोटे नव्हते, पण बाकीचे पाच भाग तुमच्या वाट्याला प्रथमच आले.

मला सर्वांत मोठा फरक वाटतो तो प्रश्नाच्या बाबतीत. असाइनमेंट तुमच्या हाती येते तेव्हा तिचा अवघड भाग दुसऱ्या कोणीतरी करून ठेवलेला असतो. जगातल्या गोंधळातून एक स्वच्छ प्रश्न वेगळा काढलेला असतो, त्याला उत्तर आहे याची हमी असते आणि ते उत्तर वर्गातल्या एका माणसाला तरी ठाऊक असते. कामावर हा प्रश्न आपल्यालाच काढावा लागतो.

माझ्या अनुभवातले एक उदाहरण देतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्याने ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीप्रमाणे (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराप्रमाणे) पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. यावर प्रोग्रॅम लिहा म्हटले तर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही तारखेत चौदा मिळवून मोकळा होईल. पण गळीत हंगामात रात्री साडेअकराला ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात येतो, रांगेत थांबतो आणि वजनकाट्यावर रात्री एक वाजता चढतो. चौदा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? आणि त्याच वेळी वीज गेली, वजन झाले पण पावती छापली गेली नाही, काट्यावरच्या माणसाने वीज आल्यावर तीच गाडी पुन्हा नोंदवली, तर एक खेप की दोन? असे प्रश्न शेती विभागातल्या माणसाशेजारी बसून, त्याची वही पाहून मिळतात. तुम्हाला सचिवांकडे नेणारे वरिष्ठ तुम्हाला लाभले, ही फार चांगली गोष्ट घडली.

दुसरा फरक आयुष्याचा. जर्नलवर सही झाली की असाइनमेंटचे आयुष्य संपते, त्यामुळे ती बदलणे किती सोपे किंवा अवघड आहे हे कधी कळतच नाही. आमच्याकडे कोड वर्षानुवर्षे वापरात राहतो आणि त्याच्या भोवतालचे जग बदलत जाते. गेल्या वर्षी २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तुपावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. घोषणा ३ सप्टेंबरला झाली होती, म्हणजे हाती तीन आठवडेही नव्हते. ज्या प्रोग्रॅममध्ये कराचा दर वस्तूच्या नावापुढे एकच एक आकडा म्हणून साठवला होता, तिथे तो आकडा बदलणे एका मिनिटाचे काम होते. पण ऑगस्टमध्ये विकलेले तूप ऑक्टोबरमध्ये परत आले की त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट दाखवणारा कागद) जुन्या दरानेच काढावी लागते, आणि जुना दर तर पुसला गेलेला. ज्यांनी दरासोबत 'केव्हापासून' ही तारीख साठवली होती त्यांचा सप्टेंबर शांततेत गेला. आम्ही ती तारीख एका ठिकाणी साठवली होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती, त्यामुळे दोन्ही अनुभव मला एकाच महिन्यात मिळाले.

खऱ्या माणसांची खरी माहिती हाही एक वेगळाच विषय आहे. 'स्ट्रिंग उलटी करा', म्हणजे दिलेला मजकूर उलट क्रमाने छापा, हा प्रोग्रॅम आपण सर्वांनी लिहिला आहे. त्याला 'कोल्हापूर' हा शब्द देऊन पाहा. आपल्या डोळ्यांना त्यात चार अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या लिपीचिन्हांच्या सर्वमान्य संकेतात, मात्र ती नऊ चिन्हे आहेत, कारण काना, मात्रा, ऊकार आणि हलन्त ही सर्व चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. चिन्हागणिक उलटवल्यास 'रूपाह्लोक' असा भलताच शब्द तयार होतो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत हाच शब्द २७ बाइट जागा घेतो. शेतकऱ्यांना मराठीत एसएमएस पाठवायचा ठरला, तेव्हा इंग्रजीत १६० अक्षरे बसणाऱ्या संदेशात मराठीची ७० चिन्हेच बसतात हे आम्हाला बिल आल्यावर कळले. तुमच्या असाइनमेंटमध्ये नावाचा रकाना वीस अक्षरांचा असेल, तर त्यात आपल्याकडच्या एखाद्या सभासदाचे पूर्ण नाव बसते का, हे एकदा जरूर तपासा.

शेवटचे, आणि हे मी मनापासून सांगतो: माहितीची जबाबदारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी नदीकाठच्या एका संस्थेच्या कार्यालयात छातीइतके चढले. त्यांचा संगणक गेला आणि रोज न चुकता घेतलेला बॅकअपही गेला, कारण बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या खालच्या कपाटात होती. बॅकअप घेणारा कोड मी लिहिला होता आणि तो अगदी बिनचूक चालत होता. सभासदांच्या घरी असलेल्या पावत्या गोळा करून आम्ही दोन महिन्यांचे हिशेब पुन्हा उभे केले, कागदी पावती किती मोलाची असते हे तेव्हा उमगले. त्यानंतर एकही प्रत जिल्ह्याबाहेर नसेल, तर त्याला बॅकअप म्हणायचे मी सोडून दिले.

उत्तर | फाउंड्री चालवणारा, शिरोली

मी प्रोग्रॅमर नाही, सॉफ्टवेअर विकत घेऊन वापरणारा आहे, तरी दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

आयटीआयमध्ये फिटरचा मुलगा पहिले काही महिने कानस चालवून लोखंडाचा तुकडा काटकोनात आणण्याचा सराव करतो. मास्तर गुण देतात आणि तो तुकडा भंगारात जातो. तो कोणत्याच यंत्राला लागत नाही, पण हात मात्र तयार होतो. असा हात तयार नसलेला मुलगा आमच्याकडे आला तर त्याला मी तयार करू शकत नाही, मला तेवढी सवड नसते. कास्टिंगमध्ये भोके का पडली, वाळूत ओल होती की धातूचे तापमान कमी पडले, हे मात्र त्याला आमच्याकडे आल्यावरच समजते. त्यामुळे तुमचे शिकणे वाया गेले, असे मला अजिबात वाटत नाही.

दुसरी गोष्ट ग्राहक म्हणून सांगतो. आमच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये परत आलेला रिजेक्शनचा माल भट्टीत पुन्हा वितळवण्याची सोयच नव्हती. ज्याने ते लिहिले त्याला माल परत येतो एवढेच माहीत होते, पण तो पुन्हा कच्चा माल होतो हे कोणी त्याला सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. त्यानंतर आलेल्या मुलीने पहिला संपूर्ण दिवस भट्टीपासून डिस्पॅचपर्यंत नुसते फिरून पाहिले. तिचे सॉफ्टवेअर आम्ही आजही वापरतो.

उत्तर | अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक

मी शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात अनेक वर्षे प्रोग्रॅमिंग शिकवतो. वरच्या पहिल्या उत्तरातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण त्यातून 'अभ्यासक्रम म्हणजे एक षष्ठांश' असा जो अर्थ निघतो त्याला माझी हरकत आहे.

असाइनमेंट लहान आणि स्वच्छ ठेवावी लागते, याला कारण आहे. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात वीस विद्यार्थ्यांची तुकडी असते आणि प्रत्येकाला एकच संकल्पना समजली की नाही हे मला पाहायचे असते. बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधण्याची रीत) शिकवताना मी त्यात वीज जाणे, दुबार नोंदी आणि दरबदल घातले, तर विद्यार्थ्याला बायनरी सर्चही कळणार नाही आणि वीज गेल्यावर काय करायचे तेही कळणार नाही. शिवाय इथे शिकवलेल्या गोष्टी पुढे उघडपणे दिसत नाहीत, म्हणून त्या नाहीत असे होत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे पाच हजार सभासदांच्या यादीतली दुबार नावे शोधणारा प्रोग्रॅम दुरुस्तीला आला होता, जो रात्रभर चालूनही संपत नसे. त्यात प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून पाहिले जात होते, म्हणजे सुमारे सव्वा कोटी जोड्या, आणि प्रत्येक जोडीसाठी डेटाबेसकडे स्वतंत्र विचारणा. त्याने सगळी नावे एकदाच वाचून हॅश टेबलमध्ये (नाव दिले की त्याची जागा थेट सापडते अशा सारणीत) ठेवली आणि काम काही सेकंदांत आले. ही दुरुस्ती त्याला सुचली, कारण दुसऱ्या वर्षी त्याने ती सारणी स्वतःच्या हाताने लिहिली होती.

आमच्या बाजूचे दोषही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. अनेक ठिकाणी जर्नलमधल्या प्रोग्रॅमची यादी वर्षानुवर्षे तीच राहिली, १९९० च्या काळातला टर्बो सी++ (प्रोग्रॅम लिहिण्याचे जुने साधन) प्रयोगशाळांत फार उशिरापर्यंत टिकून राहिला, आणि यादी तीच असल्यामुळे आधीच्या वर्षाच्या जर्नलवरून उतरवून काढण्याची सवय लागली. दुसऱ्याचा कोड वाचायला आम्ही शिकवत नाही, तो फक्त उतरवला जातो, याचे मला फार वाईट वाटते. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारे साधन, २००५ पासून आहे, पण कित्येक विद्यार्थी त्याचे नाव प्रथम मुलाखतीत ऐकतात. ही उणीव फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २०२० च्या जानेवारीत कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवणे), गिट, डीबगिंग (कोडमधल्या चुका शोधणे) अशा 'कोणत्याच विषयात न शिकवल्या जाणाऱ्या' गोष्टींसाठी एक वेगळा छोटा वर्ग घ्यावा लागला. त्याची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत, ती अवश्य पाहावीत.

टर्बो सी++ चा विषय निघाला म्हणून एक सांगतो. त्यातला पूर्णांक १६ बिटांचा (० किंवा १ च्या सोळा जागांचा) होता, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे गेला की उणे होई. विद्यार्थ्यांना ही परीक्षेपुरती माहिती वाटते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. वेगाशी संबंधित, दशांश चिन्ह असलेली ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याचा प्रयत्न झाला आणि ती मावली नाही. हा भाग एरियान ४ मधून जसाच्या तसा घेतलेला होता आणि तिथे तो व्यवस्थित चालत होता, कारण उड्डाणाच्या सुरुवातीला त्या अग्निबाणाचा आडवा वेग तेवढा होत नसे. पुस्तकातला आकडा आणि कामावरची जबाबदारी या एकाच घटनेत भेटतात, म्हणून मी ती दरवर्षी वर्गात सांगतो.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: अंतिम वर्षाचा प्रकल्प नवा सुरू करू नका. आधीच्या एखाद्या गटाने सोडलेला प्रकल्प घ्या आणि तो एका खऱ्या माणसाच्या रोजच्या वापरात आणून दाखवा. बहुतेक मार्गदर्शक कल्पनेच्या नावीन्याचा आग्रह धरतात, त्यांना हे पटवावे लागेल. माझ्या गटांना मी यंदापासून याची मुभा दिली आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दादांनी सांगितलेला 'कोल्हापूर' उलटा करण्याचा प्रयोग मी त्याच रात्री करून पाहिला आणि माझ्या दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रॅमने 'रूपाह्लोक' हेच उत्तर दिले. सरांची सूचना आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मान्य केली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या गटाने मुलींच्या वसतिगृहाच्या मेसचा हिशेब ठेवणारा प्रकल्प केला होता. त्याला चांगले गुण मिळाले होते, पण सादरीकरणानंतर तो कोणी उघडला नाही. आम्ही तिघी तोच घेत आहोत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर | सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा, राजारामपुरी

पहिल्या आठवड्यात एकही ओळ बदलू नका. तो कोड ज्या संगणकावर पूर्वी कधीच नव्हता अशा संगणकावर घ्या, सुरू करण्याचा प्रयत्न करा आणि वाटेत जे जे अडेल ते क्रमाने लिहून ठेवा. ती नोंद म्हणजेच तुमच्या प्रकल्पाचा पहिला दस्तऐवज होईल. कोड गिटमध्ये घाला, आणि तिघींपैकी कोणीही बदल केला तरी दुसरीने तो वाचून मान्य केल्याशिवाय मूळ शाखेत (गिटमधल्या मुख्य प्रतीत) घेऊ नका. वाचताना समजले नाही, तर ते लिहिणारीला विचारा. तिलाही सांगता आले नाही, तर तो बदल थांबवा. सुरू झाल्यावर मेस चालवणाऱ्यांकडे जा, पण स्क्रीन दाखवायला जाऊ नका. त्यांची वही पाहायला जा.

प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

प्रकल्प दुसऱ्या संगणकावर सुरू व्हायला चार दिवस लागले. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला होता, फोटोंसाठी मूळ गटातल्या एकीच्या डी ड्राइव्हचा पत्ता दिलेला होता आणि एक आवश्यक फाइल प्रकल्पासोबत ठेवलेलीच नव्हती. ती आम्ही त्या गटातल्या ताईंना पुण्याला फोन करून मागवली. सुरू करण्याच्या पायऱ्या आता मराठीत लिहून ठेवल्या आहेत आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडून त्या वाचून घेऊन, आमच्या मदतीशिवाय प्रकल्प तिच्या लॅपटॉपवर सुरू करून पाहिला आहे.

काल मेस चालवणाऱ्या मावशींकडे गेलो होतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये मुलगी जेवायला आली नाही की तो दिवस खाडा धरून पैसे वजा होतात. मावशींच्या वहीत तसे नाही. आदल्या रात्री सांगितले तरच खाडा धरतात, कारण सकाळची भाजी आणि पीठ त्या हिशेबाने काढलेले असते. एकवेळचा खाडा अर्धा धरतात आणि आजारी मुलीला न सांगताही सूट देतात. ही सूट कुठेही लिहिलेली नाही, त्या फक्त नावापुढे एक टिंब करतात. आम्ही त्या टिंबासाठी वेगळा रकाना करत आहोत. गणपतीच्या सुट्टीत मेस बंद असते ते दिवस खाड्यात मोजायचे की महिन्याच्या दरातून आधीच कमी करायचे, हे मावशींनाही चटकन सांगता आले नाही. मागच्या दोन वर्षांच्या वह्या माळ्यावर आहेत, त्या काढून पाहू असे त्या म्हणाल्या आहेत, आणि रविवारी आम्ही तिघी त्यांना मदत करायला जाणार आहोत.